मोजा चढत नाही, आणि मैत्रिणीला सांगवत नाही

पत्र:

ताई, मी ३९ वर्षांची, पुण्यात राहते, आयटीत नोकरी करते. २०१६ साली चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ रिओ ऑलिंपिकला गेला, त्या बातम्या वाचल्यापासून रोइंग शिकायचं मनात होतं. दीड वर्षापूर्वी एकदाची मुळेवर जायला लागले. आता मी आणि माझी एक मैत्रीण मिळून डबल, म्हणजे दोघींनी वल्हवायची बोट, चालवतो. डिसेंबरात मास्टर्सच्या, म्हणजे मोठ्या वयाच्यांच्या, १,००० मीटर शर्यतीत उतरायचं ठरलंय.

जूनअखेर नदीला पाणी आलं, बोटी शेडमध्ये गेल्या आणि आम्ही एर्गवर, म्हणजे जमिनीवरच्या वल्हवायच्या यंत्रावर, आलो. आधी आठवड्यातून दोनदा वीस-वीस मिनिटं करत होते. आता पाच दिवस, रोज पाऊण तास, सलग. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात कंबर धरली ती अजून सुटलेली नाही. पाय दुखत नाही, मुंग्या नाहीत, पण सकाळी उजव्या पायात मोजा चढत नाही. घरात कोणी बघू नये म्हणून जिन्यात पायरीवर बसून घालते. कंबर मोकळी व्हावी म्हणून पाचला उठल्या उठल्या १२ सूर्यनमस्कार घालते, मग एक वेदनाशामक गोळी घेते आणि साडेपाचला एर्गवर बसते. सासूबाईंनी एका पायाळू काकांचा पायही लावून आणला. एमआरआयमध्ये ‘एल४-एल५ डिस्क बल्ज’ (मणक्यांमधल्या गादीला फुगवटा) आणि ‘डिजनरेशन’ (झीज) असं आलंय. डॉक्टर म्हणाले, रोइंग बंद. डावं मनगटही कुरकुरतंय, पण त्याचं एवढं नाही.

मैत्रिणीला यातलं काहीच माहीत नाही. ती वर्षभर माझ्यासाठी पहाटे पाचला उठतेय. मी काय करू?

— मुळाकाठची एक

उत्तर:

तुमचं पत्र आधी फिजिओथेरपिस्ट म्हणून वाचलं. मग जिन्यातल्या त्या मोज्यापाशी थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं, कारण कॉलेजची वर्षं मीही बोटीत काढली आहेत आणि असाच एक मोजा माझ्याही आठवणीत आहे.

थेट उत्तर आधी देते. तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून रोइंग कायमचं सोडावं असं मला वाटत नाही. एर्ग मात्र आजपासून बंद. सरावाआधीची गोळीही बंद. आणि मैत्रिणीला आजच फोन करायचा. फोनबद्दल शेवटी बोलते, तुम्हाला तेच सगळ्यात जड जाणार आहे.

त्याआधी एक खात्री करून घ्या. जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा सुटणं, पाऊल नीट उचललं न जाणं, चालताना चप्पल पायातून निसटणं, यातलं एक जरी असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. ताप, कारण नसताना घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारी आणि कूस बदलूनही न थांबणारी कळ असेल तरी डॉक्टरांकडे लवकर जायचं. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही, म्हणून पुढचं सगळं लिहिते आहे.

आता कंबर का धरली ते बघू. पुण्यात वल्हवणाऱ्यांचं वर्ष नदी ठरवते. पावसाळ्यात धरणांतून पाणी सोडलं की बोटी आत जातात. उन्हाळ्यात जलपर्णी पसरली की हिरव्या गालिच्यातून वल्हं फिरत नाही, पुन्हा बोटी आत. पाणी बंद झालं की सगळे एर्गकडे वळतात, आणि पाण्यावरचा सगळा वेळ जसाच्या तसा यंत्रावर ओततात. तुमचाच हिशेब मांडा. मे महिन्यात आठवड्याला ४० मिनिटं एर्ग होता, जुलैत २२५. मिनिटाला २० स्ट्रोक, म्हणजे वल्ह्याच्या २० ओढी, धरल्या तर आधी आठवड्याला कंबर ८०० वेळा वाकत होती, आता ४,५००. मधे एकही पायरी नाही. इतक्या वेगानं वाढलेलं काम कुठल्याही चांगल्या कमरेला झेपलं नसतं. स्वतःच्या कमरेला मनात ‘कमजोर’ म्हणत असाल, तर तो शब्द आधी खोडून टाका.

यात तुम्ही एकट्या नाही. आयर्लंडच्या राष्ट्रीय रोइंग संघातल्या खेळाडूंवर वर्षभर लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या एकूण दुखापतींपैकी सुमारे ३२ टक्के कमरेच्या होत्या, १६ टक्के गुडघ्याच्या, ११ टक्के मानेच्या. आणि दुखापतीशी सगळ्यात घट्ट नातं निघालं ते एर्गवर घालवलेल्या वेळेचं. अमेरिकेत कॉलेजात रोइंग केलेल्या १,६०० हून जास्त जणांना विचारून त्याआधी एक पाहणी झाली होती. त्यातल्या जवळजवळ एक तृतीयांश लोकांची कंबर त्या वर्षांत दुखली होती, आणि तिथंही बोट गेलं ते ३० मिनिटांपेक्षा लांबलेल्या एर्गच्या सत्रांकडेच. ही मंडळी एकतर अव्वल खेळाडू होती किंवा विशीतली मुलं. तुम्ही एकोणचाळिशीच्या, आणि वर दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत. त्यांना जे जड गेलं ते तुम्हाला सोपं जाईल अशी अपेक्षा धरू नका.

एर्ग वाईट आहे असं मी म्हणत नाही, मी स्वतः तो वापरते. पण पाण्यावर तुम्ही जोर लावता तेव्हा तुमच्याखालून बोट सरकते. जमिनीला टेकलेल्या एर्गवर यंत्र जागेवर राहतं आणि सगळं अंग तुम्हालाच पुढे-मागे न्यावं लागतं. प्रत्येक कॅचला, म्हणजे स्ट्रोकच्या सुरुवातीला अंग पुढे मिटलेलं असतं तिथं, ते थांबवायचं आणि उलट फिरवायचं. जोराच्या स्ट्रोकला कमरेच्या मणक्यांवर शरीराच्या वजनाच्या चारपटीहून जास्त दाब येतो, असं मोजलं गेलंय. शिवाय पाण्यावर आपोआप विसावे मिळतात. बोट वळवायची असते, पुलाखालून सांभाळून जायचं असतं, समोरून दुसरी बोट येते. एर्गवर फक्त आकडा असतो. दमल्यावर मांड्या थकतात, पाठीचे स्नायू थकतात आणि कंबर प्रत्येक स्ट्रोकला थोडी थोडी जास्त वाकायला लागते. आपल्याला ते कळत नाही, कारण डोळे मॉनिटरवर असतात. शेवटची पंधरा मिनिटं तुम्ही बहुतेक तशाच वाकून काढली आहेत.

एमआरआयबद्दल. घरात ‘गादी सरकली’, ‘मणक्यात गॅप आली’ असे शब्द एकदा फिरायला लागले की माणूस वाकायलाच घाबरतो, आणि ती भीती दुखण्याहून जास्त दिवस टिकते. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,००० हून जास्त लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक आढावा घेतला गेला. त्यात चाळिशीच्या आसपास निम्म्या लोकांत डिस्क बल्ज होता आणि ६८ टक्के लोकांत डिजनरेशन. यांना काहीही त्रास नव्हता. म्हणजे तुमच्या ऑफिसात तुमच्या वयाच्या, ठणठणीत दहा जणांचा एमआरआय काढला तर पाच जणांच्या रिपोर्टवर तुमच्यासारखंच वाक्य छापून येईल. तुमचा रिपोर्ट खोटा नाही. पण जुलैत जे दुखायला लागलं ते त्या बल्जमुळेच, असं त्यावरून ठरत नाही. तो बल्ज मे महिन्यातही असेल, तेव्हा तुम्ही मजेत वल्हवत होतात. डॉक्टरांनी ‘बंद’ म्हटलं ते काळजीपोटीच. त्यांच्याकडे पुन्हा जा आणि नेमकं विचारा: किती दिवस बंद? परत कशाच्या आधारावर सुरू करू? जाताना एर्गचा तो हिशेब कागदावर लिहून न्या. पुष्कळदा डॉक्टरांना हे आकडे कोणी सांगितलेलेच नसतात.

पडून मात्र राहू नका. कंबरदुखीला दोन दिवसांची विश्रांती आणि सात दिवसांची विश्रांती यांची तुलना १९८६ सालीच झाली आहे. जास्त पडून राहणाऱ्यांना जास्त फायदा काही झाला नाही, कामावर मात्र ते उशिरा परतले. चाला, घरातली कामं करा, शेकानं बरं वाटत असेल तर शेका. पायाळू काकांचा पाय नुसता टेकवून आणला असेल तर त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, सासूबाईंचा जीव त्यात दिसतो. पण कमरेला झटका देऊन ‘कडकन मोकळी’ करणाऱ्या कोणाकडेही सध्या जाऊ नका.

गोळीबद्दल मला कडक बोलायचंय. दुखतं म्हणून रात्री डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळी घेणं वेगळं, आणि दुखणं कळू नये म्हणून सरावाआधी घेणं वेगळं. ‘आता थांब’ हे सांगणारा एकच आवाज तुमच्याजवळ आहे आणि रोज साडेपाचला तुम्ही तोच बंद करता. उपाशीपोटी वेदनाशामक, त्यावर पाऊण तास घाम, आणि पाणी बहुतेक कमीच. हे पोटाला आणि मूत्रपिंडांनाही चांगलं नाही.

आता सकाळ. तुमच्या पत्रातली ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली आणि ती तुम्ही सहज लिहून पुढे गेलात. रात्री आपण आडवे झालो की मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी आपण रात्रीपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो. फुगलेली गादी ताठ असते. तिला पुढे वाकवलं की तिच्यावरचा ताण दिवसभराच्या मानानं कितीतरी जास्त येतो. उठून चालायला लागल्यावर पहिल्या तासात ती बरीचशी उतरते. १९९८ च्या एका अभ्यासात जुनी कंबरदुखी असलेल्या लोकांना एवढंच सांगितलं होतं की उठल्यानंतरचे दोन तास पुढे वाकू नका. तेवढ्यानं त्यांचं दुखणं कमी झालं.

तुम्ही काय करता? पाचला उठता, गाद्या सगळ्यात फुगलेल्या असताना चोवीस वेळा, एका नमस्कारात दोनदा, हस्तपादासनात पूर्ण वाकता आणि अर्ध्या तासात एर्गवर बसून शेकडो वेळा वाकता. सूर्यनमस्कार सोडायला मी सांगणार नाही, मी लहानपणापासून घालते. पण कंबर बरी होईपर्यंत ते संध्याकाळी घाला आणि हस्तपादासनात गुडघे खुशाल वाकवा. सकाळी उठल्यावर चहा ठेवा, घरात फिरा, जिना दोनदा चढा-उतरा. पुढे सराव सुरू झाल्यावरही उठणं आणि पहिला स्ट्रोक यांत निदान पाऊण तास जाऊ द्या, आणि पहिली दहा मिनिटं अगदी हलक्या हातानं, अर्ध्या स्लाइडनंच, म्हणजे सीट अर्धीच पुढे सरकवून. मोज्याचं म्हणाल तर पायरीवर बसून कंबर वाकवण्याऐवजी पलंगावर पाठीवर पडा, गुडघा छातीकडे घ्या आणि तसाच चढवा.

आता स्ट्रोककडे येते. ज्या दिवशी कंबर शांत असेल त्या दिवशी घरात एक करून बघा. टाचा जमिनीला टेकवून उकिडव्या बसा आणि कोणाला तरी बाजूनं मोबाईलवर फोटो काढायला सांगा. आपल्या आज्या अशा बसून तासभर भाजी निवडायच्या. खुर्चीत वर्षं काढलेल्या आपल्यातल्या कित्येकांच्या टाचा उचलल्या जातात, किंवा टाचा टेकवल्या की पाठीला पोक येतं. एर्गवरचा कॅच म्हणजे हेच उकिडवं बसणं, फक्त आडवं केलेलं. गुडघे पूर्ण मिटलेले, पोटऱ्या उभ्या, अंग पुढे. खुबा आणि घोटा जिथं अडतात तिथून पुढचं अंतर कंबर वाकून भरून काढते. म्हणून शेवटच्या चार बोटांच्या लांबीसाठी पोक काढायचं नाही. वल्हं चार बोटं कमी जाऊ दे. शर्यतीत त्यानं जेवढं हराल त्याहून जास्त, उरलेला स्ट्रोक घट्ट बसल्यानं कमवाल.

वाकायचं ते खुब्यातून. हे शब्दांनी कळत नाही, म्हणून स्वयंपाकघरात चला. दोन्ही हातांत पातेलं आहे आणि ओट्याखालची ट्रॉली उघडी राहिली आहे. आपण ती बुडानं मागे ढकलून बंद करतो. त्या क्षणी पाठ सरळ असते, गुडघे किंचित वाकलेले असतात आणि मांडीच्या मागे ताण येतो. तीच हालचाल बसून करायची. सरावासाठी झाडूचा दांडा पाठीमागे उभा धरा. डोकं, दोन्ही खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड असा तीन ठिकाणी तो टेकलेला हवा. मग बूड मागे नेत पुढे झुका. माकडहाडावरून दांडा सुटला की समजा कंबर वाकली. रोज दहा-दहाच्या दोन फेऱ्या, दुपारनंतर.

एर्गवर परत याल तेव्हा क्रम लक्षात ठेवा: फिनिशनंतर, म्हणजे ओढ संपल्यावर, आधी हात लांब, मग खुब्यातून धड पुढे, आणि मगच गुडघे. हँडल गुडघ्यांवरून जाईपर्यंत धड जिथं यायचं तिथं आलेलं असलं पाहिजे. नवीन माणूस गुडघे आधी मोडतो आणि मग शेवटच्या क्षणी धड फेकतो. तिथंच उसण भरते. ड्राइव्हला, म्हणजे पायांनी जोर लावून ओढताना, सीट आणि हँडल एकदम हलली पाहिजेत. बूड आधी निसटलं आणि हात मागे राहिले तर पायांनी लावलेला सगळा जोर मधल्या ढिल्या कमरेत जातो. बाजूनं तीस सेकंदांचा व्हिडिओ काढा, पहिल्या मिनिटाला एक आणि पंधराव्या मिनिटाला एक. दोन्ही शेजारी ठेवून बघितलेत की माझ्या या परिच्छेदाची तुम्हाला गरज उरणार नाही.

यंत्रात दोन बदल करा. पाय ठेवायची पट्टी एक-दोन भोकं खाली घ्या. पाय खाली आले की खुब्याला जागा मिळते. बोटीतही फुटस्ट्रेचरची, म्हणजे पाय टेकवायच्या पट्टीची, उंची बदलता येते का ते बघा. आणि डॅम्परचा, म्हणजे यंत्राच्या पंख्यात हवा किती शिरू द्यायची तो, खटका बघा. जिममध्ये तो बहुतेक वेळा दहावर सापडतो, कारण दहा म्हणजे जास्त ताकद असं लोकांना वाटतं. तिथं स्ट्रोक जड आणि संथ होतो आणि सगळा भार कॅचला कमरेवर येतो. तीन-चारवर आणा, मॉनिटरवर ड्रॅग फॅक्टर (ओढीला किती अडथळा होतो त्याचा आकडा) १०५ ते १२० च्या दरम्यान दिसला की तुम्हाला पुरे.

परत कधी सुरू करायचं? तारखेवर ठरवू नका, हालचालीवर ठरवा. अर्धा तास भरभर चालता येतंय, सकाळचा मोजा बसून, न कण्हता चढतोय आणि दांड्याचा व्यायाम दुखत नाहीये, या तीन गोष्टी सलग चार-पाच दिवस जमल्या की दहा मिनिटं एर्ग, मिनिटाला १८ स्ट्रोकच्या गतीनं, एक दिवसाआड. तोवर चालणं, पोहणं, आणि सोसत असेल तर सायकल. जोडीला पाठीवर पडून बूड उचलणं, कुशीवरचा प्लँक, आणि पुढे जिममध्ये कोणाच्या तरी देखरेखीखाली हलक्या वजनाचा डेडलिफ्ट. दुखणं शून्य ते दहात मोजा. करताना दोन-तीनपर्यंत गेलं आणि दुसऱ्या सकाळी मूळ जागी आलं तर चालेल. दुसऱ्या सकाळी वाढलेलं असेल तर मागच्या पायरीवर जा. वीस मिनिटं सलग जमेपर्यंत वेग वाढवायचा नाही, आणि त्यानंतरही पाऊण तास सलग कधीच नको. पंधरा-पंधराचे तीन तुकडे करा, मधे उठून चाला. या फेरीत कंबर बरी झाली तरी व्यायाम सोडू नका. एकदा दुखलेली कंबर पुन्हा दुखण्याची शक्यता जास्त असते, हे रोअरच्या, म्हणजे वल्हवणाऱ्यांच्या, बाबतीत पक्कं माहीत आहे.

आणखी एक जागा लोक विसरतात, ती म्हणजे जेट्टी. डबलचं किमान वजन नियमानं २७ किलो, क्लबच्या जुन्या बोटी त्याहूनही जड असतात. तासभर वल्हवून दमलेली, वाकून ढिली पडलेली कंबर घेऊन आपण काठावर ओणवे होतो आणि बोट पाण्यातून झटक्यात वर काढतो. कितीतरी उसणी तिथं भरतात. बाहेर आल्यावर आधी दोन मिनिटं उभ्या राहा, मग गुडघे मोडून, बोट अंगाजवळ घेऊन उचला. ऑक्टोबरातले पहिले काही आठवडे तिसऱ्या कोणाला तरी हात लावायला बोलवा.

मनगटाचं थोडक्यात. हँडल मूठ आवळून धरत असाल आणि वल्हं फिरवताना मनगट मोडत असाल तर तिथल्या शिरा कुरकुरतात. बोटांच्या आकड्यात धरा, मूठ सैल ठेवा. हाताला फोड आले असतील तर नदीवर जाताना झाकून जा आणि आल्यावर साबणानं धुवा. आपल्या नदीचं पाणी कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे, आणि लेप्टो जखमेतून शिरतो. कधी बरगडीत एकाच जागी दुखायला लागलं, खोल श्वास घेताना, खोकताना किंवा कूस बदलताना कळ आली, तर ‘स्नायू आखडला’ म्हणून वल्हवत राहू नका. रोअरच्या बरगडीला ताणानं बारीक तडा जाऊ शकतो आणि त्याला काही आठवडे पूर्ण सुट्टी लागते.

आता मैत्रीण.

२०२१ साली जगभरातल्या रोइंगमधल्या तज्ज्ञांनी कंबरदुखीवर एकमतानं एक निवेदन तयार केलं. त्यात व्यायाम आणि तंत्र आहेच, पण दुखणं लवकर सांगितलं जावं, सांगणाऱ्याला भीती वाटू नये, यावरही भर आहे. आयर्लंड आणि ऑस्ट्रेलियातल्या रोअरच्या मुलाखती घेतल्या तेव्हा जागा जाईल, आपण कमकुवत ठरू, बोटीतल्या बाकीच्यांचं नुकसान होईल म्हणून लपवणारे कितीतरी निघाले. तिथं नाव, पदक, संघातली जागा पणाला लागलेली असते. तुमचं तर तेही नाही. तुमचं अडलंय ते फक्त तिच्या पहाटे पाचपाशी.

कॉलेजात मी एका सीझनला दोन महिने कंबर लपवली. डबलच होती. मी पुढच्या सीटवर, ती मागे, माझ्या पाठीपासून हातभर अंतरावर. सराव संपला की बोट ठेवून मी शेडच्या मागे जाऊन बसायचे, तिनं विचारलं तर ‘घर लांब आहे, दम खाते’ म्हणायचे. शर्यतीच्या आठवड्यात मला खुर्चीतून उठता आलं नाही आणि आमची बोट पाण्यात उतरलीच नाही. ती माझ्यावर एका शब्दानं रागावली नाही. मला ते फार लागलं. पुष्कळ वर्षांनी एका लग्नात भेटलो तेव्हा तिनं सांगितलं की त्या वेळी तिची बरगडी महिनाभर दुखत होती. श्वास घेताना कळ यायची. माझं नुकसान होईल म्हणून ती बोलली नव्हती. एका बोटीत दोघी, हातभर अंतरावर, आणि दोघी गप्प.

तर आज फोन करा. मेसेज नको, फोन. सगळं सांगा: जुलैपासून दुखतंय, गोळी घेऊन बसत होते, एमआरआय असा आहे, पुढचे काही आठवडे एर्गवर नसेन. डिसेंबराबद्दल आत्ता वचन देऊ नका आणि माघारही घेऊ नका. दिवाळीच्या सुमारास दोघी मिळून ठरवा, तोवर पाणीही मोकळं झालेलं असेल. मग तिलाही विचारा, तुझं काही दुखतंय का. आणि उत्तर येईपर्यंत थांबा, पहिल्या ‘नाही गं’ वर फोन ठेवू नका.

स्वयंपाकघरात कालनिर्णय असेल ना? उद्यापासून रोज सकाळी त्या दिवसाच्या चौकोनात एक आकडा लिहा, मोजा चढवताना किती दुखलं तो, शून्य ते दहा. घरच्यांना दिसेल असा लिहा. सहा आठवड्यांनी त्या पानांचा फोटो मला पाठवा, पुढचं त्यावरून ठरवू.